लपवून शाळा मिळत नाही



मागच्या रविवारी स्थानकातून प्रवचन ऐकून निघताना एका ओळखीच्या बाईंनी मला बाजूला घेतलं. हळूच विचारलं, "तुमच्या नातवाला त्या बालवाडीत घेतलं ना? त्यांना काय सांगितलं होतं हो तुम्ही?"

त्यांच्या नातीला तिसरं वर्ष संपत आलंय. ती अजून बोलत नाही.

मी म्हटलं, "सगळं खरं सांगितलं."

"मग घेतलंच कसं?"

रस्त्यात उभ्या उभ्या सांगता येईना, म्हणून आज लिहिते आहे.

आमचा नातू दीड वर्षाचा होता तेव्हाच सूनबाईच्या लक्षात आलं होतं. हाक मारली तरी तो वळायचा नाही, नजर द्यायचा नाही, तासन्‌तास ताटली फिरवत बसायचा. ती म्हणाली, "आई, डॉक्टरांना दाखवू या." मी म्हटलं, "अगं, मुलगे उशिराच बोलतात. त्याचा बाप तरी कुठे लवकर बोलला?" या एका वाक्यापायी आमचं एक वर्ष गेलं. मी बी.कॉम. झालेली, घरातल्या पै-पैचा हिशोब ठेवणारी बाई. पण हे वर्ष मी कुठल्या खात्यावर टाकू?

पुढे डॉक्टरांनी ऑटिझम सांगितलं. स्पीच थेरपी, ऑक्युपेशनल थेरपी सुरू झाली. मग शाळा. पहिल्या शाळेत आम्ही काहीच बोललो नाही. सल्ला माझाच होता, "आधी ॲडमिशन होऊ दे." तिसऱ्या आठवड्यात फोन आला, इतर पालकांच्या तक्रारी आहेत, थोडा मोठा झाला की आणा. दुसऱ्या शाळेत खरं सांगितलं, तर सकाळी असलेली जागा दुपारपर्यंत भरली.

तिसरी शाळा म्हणजे भाईंदरमधल्या एका जुन्या बिल्डिंगच्या तळमजल्यावरच्या दोन खोल्या. एसी नाही, भिंतीवर कार्टून नाहीत. तिथल्या बाईंनी रिपोर्ट बघण्याआधी विचारलं, "त्याला काय आवडतं? आणि त्रास झाला की तो कसा दाखवतो?" बाहेर आल्यावर सूनबाई रडली. दोन वर्षांत त्याच्याबद्दल असं कोणी विचारलंच नव्हतं.

आज तो रोज दोन तास जातो. बॅग स्वतः खुंटीला अडकवतो. पाच-सहा शब्द बोलतो. चमत्कार नाही, पण मुलांत बसतो.

म्हणून शाळा बघायला जाल तेव्हा रंगरंगोटी बघू नका, बाईंना प्रश्न विचारा. एका बाईंकडे मुलं किती? थेरपिस्टशी त्या फोनवर बोलतील का? सुरुवातीला एकच तास पाठवलं तर चालेल का? शॅडो टीचर हवी म्हणाल्या, तर तिचा पगार कोण देणार? उत्तरं टाळणारी शाळा पुढे मूलही टाळते.

शंका असेल तर तपासणीला उशीर करू नका. सरकारचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 मध्ये पालघरमध्येच सुरू झाला, तेव्हा ते आपल्याच ठाणे जिल्ह्यात होतं. त्यात अंगणवाडीतल्या मुलांची तपासणी होते आणि गरज असेल त्यांना पुढच्या उपचारांसाठी पाठवतात.

आता कायद्याचं. शिक्षण हक्काचा 2009 चा कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी आहे. 2016 चा दिव्यांग हक्क कायदा ठरावीक प्रमाणात अपंगत्व असलेल्या मुलांना सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षण देतो. म्हणजे अडीच ते सहा, जेव्हा मूल सगळ्यात भराभर शिकतं, तीच वर्षं उघडी पडतात. खाजगी विनाअनुदानित शाळेचा प्रवेश नर्सरीपासून असेल, तर तिथल्या 25 टक्के राखीव जागांत दिव्यांग मुलंही येतात. पण सर्वोच्च न्यायालयाच्या 2014 च्या निकालाने अल्पसंख्याक शाळांना हा कायदा लागू नाही. आपल्या समाजाच्या ट्रस्टच्या अनेक शाळा त्यात मोडतात.

कायद्याने सुटलो, धर्माने सुटतो का?

अशा मुलाबद्दल आपल्याकडे लगेच म्हणतात, "पूर्वकर्म." मलाही म्हणाले. पण तत्त्वार्थसूत्राच्या सहाव्या अध्यायात ज्ञानावरणीय कर्म कशाने बांधलं जातं ते सांगितलंय, आणि दुसऱ्याच्या ज्ञानात अडथळा आणणं हे त्यातलं एक कारण आहे. मग त्या लेकराचं मागचं कर्म मोजत बसण्यापेक्षा, त्याच्यासाठी शाळेचं दार लावताना आपण आज काय बांधतोय ते नको का बघायला?

1972 मध्ये मिठू अलूर यांनी मुंबईत सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांसाठी शाळा काढली. त्यांची लेक मालिनी चिब हिला ते होतं आणि तिला शिकवणारी शाळा इथे नव्हती. मालिनी पुढे लंडनमध्ये शिकली, तिने पुस्तक लिहिलं. तिच्या आईने तिला लपवून ठेवलं असतं तर?

आपण देरासर बांधतो, पाठशाळा चालवतो, तपस्येचे वरघोडे काढतो. मीरा-भाईंदरमध्ये आपल्या ट्रस्टची एखादी शाळा दर वर्गात अशी दोन मुलं घेईल आणि एका प्रशिक्षित बाईंचा पगार देईल, तर ते जास्त होईल का? मला नाही वाटत. पण ट्रस्टी म्हणतात, "अशी मुलं आपल्यात आहेतच किती?" आपण लपवतो, म्हणून त्यांना दिसत नाहीत.

त्या बाईंना मी म्हटलंय, सोमवारी नातीला घेऊन या, आपण दोघी मिळून जाऊ. जागा मिळेलच असं नाही, पण निदान दाराशी त्या एकट्या नसतील.

आणि दर संवत्सरीला सगळ्यांना मिच्छामि दुक्कडम् म्हणते, या वर्षी पहिलं सूनबाईला म्हणणार आहे. त्या एका वर्षासाठी.