इंजिनाचा फोटो आणि कापलेला नंबर

दर वर्षी १६ एप्रिल आला की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक फोटो येतो. काळंकुट्ट इंजिन, लांबलचक धुरांडं, आणि खाली ‘भारतातली पहिली रेल्वे, बोरीबंदर ते ठाणे, १८५३’. ठाण्यात राहणाऱ्या माणसाची छाती फुगायला एवढं पुरतं. यंदा म्हटलं, एका वीकएन्डला बसून खरा फोटो शोधून काढूच. रोज लॉग फाइली चाळणाऱ्या माणसाला हे काय अवघड?

एका वीकएन्डचे चार झाले. साहिब, सिंध आणि सुलतान या तीन इंजिनांनी ती १४ डब्यांची गाडी दुपारी साडेतीनला ओढून नेली, ही गोष्ट आपण शाळेपासून ऐकतोय. पण त्या तिघांचा खात्रीशीर असा एकही फोटो मला मिळाला नाही. मिळतात ती छापील चित्रं. थोडा विचार केला तर त्यात नवल नाही. तेव्हा काचेवर ओलं रसायन लावून फोटो काढायचे आणि समोरच्याने काही सेकंद पुतळ्यासारखं उभं राहायचं. धावत्या गाडीला कोण सांगणार ‘स्टेडी’ म्हणून? मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली तीच १८५४ मध्ये.

मग ग्रुपवर येतं ते काय असतं? बऱ्याचदा ‘फेअरी क्वीन’. १८५५ सालचं इंजिन, ईस्ट इंडियन रेल्वेचं, म्हणजे पार बंगालकडचं. ओळखायचं कसं, तर चाकं मोजा. फेअरी क्वीनला एका बाजूने बघितलं तर मधे एकच मोठं चाक आणि पुढे-मागे लहान. आपली इंजिनं इंग्लंडच्या व्हल्कन फाउंड्रीची. त्यांना पुढे एक लहान चाक आणि त्यामागे दांड्याने जोडलेली दोन मोठी. झालं! पाच सेकंदांचं काम आहे, पण फॉरवर्ड करायला दोनच लागतात.

दुसरा लाडका फोटो म्हणजे लांब कमानींच्या पुलावरची गाडी. तो पूल ठाण्याच्या खाडीवरचा, असं सांगतात. आता बघा, १८५३ मध्ये लाइन ठाण्यालाच संपत होती. पुढे खाडी ओलांडून कल्याणपर्यंत गाडी गेली ती १ मे १८५४ ला. मग खाडीच्या पुलावरची गाडी ‘पहिली’ कशी असेल? आमच्या कल्याण-डोंबिवलीकरांनी तरी हा फोटो पुढे ढकलण्याआधी हा हिशोब करायला हरकत नाही.

या खोदकामात हाती काहीच लागलं नाही असं मात्र नाही. कर्जतच्या पुढे बोरघाट फोडण्याचं कंत्राट घेऊन सॉलोमन ट्रेडवेल नावाचा माणूस १८५९ मध्ये इथे आला आणि थोड्याच दिवसांत वारला. कंत्राट त्याच्या बायकोने, अ‍ॅलिसने, पुढे चालवलं. १८६३ मध्ये घाट सुरू झाला. आणि या बाईने त्या कामाचे फोटोही काढून ठेवले! पुण्याच्या गाडीत वडापाव खाताना आपण ज्या कड्यांकडे ढुंकूनही बघत नाही, ते कडे फुटत असतानाचे फोटो.

असो. मला सांगायचंय ते वेगळंच.

माझे आजोबा रेल्वेत फायरमन. कल्याणहून इगतपुरीपर्यंत १९३० च्या सुमारालाच वीज आली, पण इगतपुरीच्या पुढे कित्येक वर्षं कोळसाच होता. आजोबांची नोकरी त्या बाजूची, रिटायर होऊन डोंबिवलीला आले. घरात पुठ्ठ्यावर चिकटवलेला एक ग्रुप फोटो होता. इंजिनासमोर अकरा माणसं, आजोबा डावीकडून तिसरे. २००६ मध्ये मी नवा स्कॅनर घेतला तेव्हा तो मोठ्या हौसेने स्कॅन केला. आजोबांचा चेहरा नीट दिसावा म्हणून दोन्ही बाजू कापल्या, साइज लहान केली आणि ऑर्कुटवर टाकला. पुढे बिल्डिंग पाडायला निघाली, सामान हललं, आणि मूळ फोटो रद्दीत गेला की ट्रंकेत राहिला, कुणालाच ठाऊक नाही.

आज माझ्याकडे ती कापलेली फाइल आहे. इंजिनाचा नंबर ड्रायव्हरच्या केबिनच्या बाजूवर असतो. केबिन उजवीकडे होती. ती मीच कापली. नंबर असता तर इंजिन कुठल्या कारखान्यातलं, कुठल्या सालचं, हे शोधता आलं असतं. पुठ्ठ्याच्या मागे कुणाच्या तरी अक्षरात नावं होती, ती वाचायचं त्या दिवशी सुचलंच नाही.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे की ‘दुर्मिळ फोटो’ म्हणून लंडनकडे डोळे लावून बसण्याआधी आपल्या माळ्यावर चढावं. दिल्लीच्या रेल्वे म्युझियममध्ये इंजिनं आहेत, सीएसएमटीच्या इमारतीतही छोटं संग्रहालय आहे. पण कुठल्या शेडमध्ये कोण कुणाबरोबर उभं होतं, हे कल्याणच्या, डोंबिवलीच्या घरांतच मिळणार. आणि ती घरं सध्या भराभर पाडली जातायत. पुनर्विकासाला माझा विरोध नाही, मलाही लिफ्ट हवीय :) पण ट्रक यायच्या आधी एक रविवार काढा. फोटो कडेपर्यंत स्कॅन करा, मागची बाजूसुद्धा. त्यावर डाग असले तर असू देत.

गेल्या शनिवारी कल्याणला रामबागेत नानाकाकांकडे गेलो होतो. त्यांचे वडील आजोबांबरोबर होते. फोटो वेगळा होता, इंजिनही दुसरंच. मी तो उलटा करून स्कॅनरवर ठेवला तेव्हा काका म्हणाले, “अरे, मागचं कशाला? तिथे काय आहे?”

पेन्सिलीने नऊ नावं होती. काकांनी चष्मा पुसला आणि एकेक वाचायला लागले. पाचव्या नावावर थांबले. “हा आमच्याकडे दर दिवाळीला यायचा,” म्हणाले, “याचं नावच आठवत नव्हतं मला.”