विश्लेषण : एआय एजंट चुकतो, तेव्हा शब्द कोणाचे असतात?

प्रश्नांची उत्तरे देणाऱ्या चॅटबॉटच्या पुढची पायरी म्हणजे ‘एआय एजंट’. तो तिकीट काढतो, बिल भरतो, ईमेल पाठवतो. ही कामे तो ज्या ‘टूल’मार्फत करतो, त्या प्रत्येक टूलसोबत काही ओळींचे वर्णन लिहिलेले असते. मोबाइलच्या पडद्यावर ते आपल्याला सहसा दिसत नाही. आपले पैसे आणि आपली कामे मात्र या ओळींवर अवलंबून असतात.

टूलचे वर्णन म्हणजे काय?

एआय मॉडेल स्वतः बसचे आरक्षण करू शकत नाही. त्यासाठी त्याला दुसऱ्या प्रणालीला आदेश द्यावा लागतो. ही सोय म्हणजे टूल. टूलचे नाव, ते काय करते याचे वर्णन आणि त्याला कोणती माहिती पुरवायची याची यादी, एवढेच मॉडेलला दिले जाते. आतला कोड सहसा त्याच्यासमोर नसतो. ‘ओपनएआय’ने जून २०२३ मध्ये आपल्या मॉडेलना अशी सोय दिली. नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘अँथ्रॉपिक’ने टूल जोडण्यासाठी ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ हे खुले मानक आणले. त्यामुळे एकाने लिहिलेले टूल दुसऱ्याच्या एजंटला वापरणे सोपे झाले.

संदिग्ध वर्णनाने काय बिघडते?

समजा, बस आरक्षणाच्या टूलचे वर्णन ‘प्रवासाची माहिती हाताळते’ एवढेच आहे. हाताळते म्हणजे बस शोधते, आरक्षण करते की रद्द करते? एजंटला अंदाज बांधावा लागतो. प्रवासी म्हणतो, ‘परवाचे कर्जतचे तिकीट काढ.’ मराठीत परवा मागचाही असतो आणि पुढचाही. कर्जत रायगड जिल्ह्यात आहे, तसेच अहिल्यानगर जिल्ह्यातही. ०३/०४ ही तारीख आपल्याकडे ३ एप्रिल, तर अमेरिकेत ४ मार्च. खिडकीवरचा कर्मचारी अशा वेळी ‘कोणते कर्जत?’ असे विचारतो. एजंटने विचारावे, असे वर्णनात लिहिलेले नसेल, तर तो स्वतःच एक कर्जत निवडून मोकळा होऊ शकतो.

चांगले वर्णन कसे असते?

तेच वर्णन असे लिहिता येईल : ‘दोन थांब्यांदरम्यानच्या उपलब्ध बस दाखवते. आरक्षण करत नाही, पैसे कापत नाही. तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमाने द्यावी. थांब्यासोबत जिल्हा द्यावा. एकाच नावाची अनेक गावे असल्यास प्रवाशाला विचारावे.’ आरक्षणाचे आणि रद्द करण्याचे टूल वेगळे असावे, त्यांची नावेही एकमेकांत मिसळू नयेत. टूल काय करते याइतकेच ते काय करत नाही हे महत्त्वाचे. चुकीचा संदेशही उपयोगी हवा. नुसता ‘त्रुटी ४००’ हा आकडा एजंटला काहीच शिकवत नाही. ‘ही तारीख उलटून गेली आहे’ हे वाक्य त्याला मार्गावर आणते. मात्र पानभर मजकूरही नको. टूल आणि सूचना वाढल्या, की योग्य टूल निवडणे मॉडेलला अवघड जाते.

वर्णन नीट लिहिले की पुरे?

नाही. एप्रिल २०२५ मध्ये ‘इन्व्हेरियंट लॅब्स’च्या संशोधकांनी ‘टूल पॉयझनिंग’ हा हल्ला दाखवून दिला. टूलच्या वर्णनातच छुपी सूचना पेरून एजंटला वापरकर्त्याची खासगी माहिती बाहेर पाठवायला लावता येते. म्हणजे वर्णन ही सूचना आहे, कुलूप नव्हे. पैसे वळते करणे, फाइल पुसणे अशा परत न फिरवता येणाऱ्या कामांना माणसाच्या संमतीची अट कोडमध्येच असली पाहिजे. अनोळखी ठिकाणाहून आलेले टूल तपासल्याशिवाय जोडणे धोक्याचे.

जबाबदारी कोणाची?

कॅनडातील एका प्रवाशाला ‘एअर कॅनडा’च्या चॅटबॉटने सवलतीच्या भाड्याचा नियम चुकीचा सांगितला. चॅटबॉट स्वतःच्या कृतीला स्वतः जबाबदार असल्याचा पवित्रा कंपनीने घेतला. ब्रिटिश कोलंबियातील लवादाने फेब्रुवारी २०२४ मध्ये तो फेटाळून कंपनीला भरपाई द्यायला लावली. तेथे चूक माहितीची होती. एजंटची चूक थेट कृतीत उतरते. तेव्हा ‘एजंट चुकला’ ही सबब ग्राहकाने मान्य करण्याचे कारण नाही. टूलचे वर्णन हा कंपनीच्या नियमावलीचाच भाग आहे. ते केवळ प्रोग्रॅमरवर न सोपवता, रोज ग्राहकांच्या अडचणी ऐकणाऱ्या खिडकीवरच्या कर्मचाऱ्यालाही दाखवायला हवे. त्यातील बदलांची नोंद हवी, आणि ‘परवा’, ‘कर्जत’ अशा खऱ्या बोलीतल्या वाक्यांवर चाचणीही हवी. आपण वापरकर्त्यांनी तोवर पूर्ण तारीख आणि जिल्हा सांगावा, आणि ‘होय’ दाबण्याआधी पडद्यावरचा तपशील वाचावा.