वळिवड्याची एकांकिका आणि उसना गणवेश

मराठी रंगभूमीवर ‘कपडेपट’ हा शब्द जुना आहे आणि त्याचा थाटही जुना. गंधर्व नाटक मंडळीचे उंची शालू, अस्सल जर, खरी अत्तरे यांच्या कथा आपण अजूनही भक्तिभावाने सांगतो. मात्र या कथांमध्ये ‘खरे’ या शब्दाचा अर्थ ‘महागाचे’ असा असतो, ‘त्या काळचे’ असा क्वचितच. सुभद्रेने नेसलेला शालू द्वापारयुगाशी जुळतो का, असे कुणी विचारले नाही आणि विचारू नये हेही बरोबरच. संगीत नाटकाचा प्रेक्षक तेथे पुरावा मागायला जात नव्हता. अडचण तेव्हा येते जेव्हा हीच दृष्टी घेऊन आपण ऐतिहासिक नाटकाकडे, आणि त्यातही ज्याची छायाचित्रे उपलब्ध आहेत अशा अगदी अलीकडच्या इतिहासाकडे वळतो.

आमच्या महाविद्यालयातील काही विद्यार्थी सध्या कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या पोलिश छावणीवर एकांकिका बसवत आहेत. 1943 ते 1948 या काळात या छावणीत सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते. बहुतेक स्त्रिया, मुले आणि वृद्ध. एकांकिकेतली आई इटलीच्या आघाडीवरून आलेले मुलाचे पत्र वाचते आणि रंगमंचाच्या मागच्या भागात तो मुलगा उभा दिसतो. एवढ्याच प्रसंगासाठी पोलिश सैनिकाचा एक अस्सल गणवेश हवा होता. मुलांनी उत्साहाने यादी केली: चौकोनी माथ्याची टोपी, कॉलरवर नागमोडी चंदेरी पट्टी असलेला 1936 च्या नमुन्याचा अंगरखा, 1931 च्या नमुन्याचे शिरस्त्राण, पोटऱ्यांना गुंडाळायच्या पट्ट्या. पोलंडमधील हौशी इतिहासप्रेमी सप्टेंबर 1939 च्या लढायांचे पुनःसादरीकरण करताना हाच वेष करतात. टाका कुठल्या दोऱ्याचा आणि बटणावरचा गरुड कसा, इथवर त्यांचा वाद चालतो. त्या वादाची चेष्टा करण्याचे कारण नाही. पाठचिकित्सेत आपण एका अनुस्वारासाठी भांडतो, ते यापेक्षा फार वेगळे नाही.

यादी निर्दोष होती, पण या मुलाची नव्हती. 1 सप्टेंबर 1939 ला जर्मनीने आणि 17 सप्टेंबरला सोव्हिएत रशियाने पोलंडवर आक्रमण केले. पूर्व पोलंडमधील लाखो लोकांना 1940 आणि 1941 मध्ये सायबेरिया आणि कझाकस्तानात पाठवण्यात आले. वळिवड्याला आलेल्यांपैकी बहुतेकांची वाट तिथूनच निघते. जुलै 1941 मध्ये सिकोर्स्की-मायस्की करार झाला, कैदेतील पोलिशांना मुक्त करण्याचे ठरले आणि जनरल अँडर्स यांच्या हाताखाली रशियातच पोलिश सैन्य उभे राहू लागले. भरतीला येणारी माणसे श्रमछावण्यांतून येत होती. अंगावर चिंध्या, पायांत बुटांऐवजी गुंडाळलेली फडकी. त्यांना वर्दी मिळाली ती ब्रिटनने धाडलेली. 1942 मध्ये कॅस्पियन ओलांडून हे सैन्य आणि त्यांच्यासोबतचे नागरिक इराणच्या पहलवी बंदरावर उतरले, तेव्हा टायफसच्या भीतीने त्यांचे जुने कपडे जाळण्यात आले. म्हणजे मायदेशातून काही सूत अंगावर उरले असेलच, तर तेही त्या वाळूत गेले.

तेव्हा वळिवड्याच्या आईचा मुलगा 1944 मध्ये इटलीत अंगावर काय घालून उभा असेल? ब्रिटिश बॅटलड्रेस. जाड, टोचणाऱ्या लोकरी सर्जचा कमरेपर्यंतचा आखूड ब्लाउज, छातीवर दोन खिसे, विजारीच्या डाव्या मांडीवर नकाशा ठेवण्यासाठी मोठा खिसा, घोट्यांवर जाड पट्ट्याचे आवरण. इटलीत त्यातले काही अमेरिकेत शिवलेलेही असत.  शिरस्त्राण ब्रिटिश, पसरट. त्याच्या आधी इराक-पॅलेस्टाइनच्या उन्हात त्याने खाकी ड्रिलचे कपडे वापरले, आणि मध्यपूर्वेतील सैन्यासाठी असे कपडे मोठ्या प्रमाणावर हिंदुस्थानातच शिवले जात होते. आई कोल्हापूरच्या उन्हात आणि मुलाच्या अंगावर कदाचित हिंदी शिंप्याने घातलेली शिवण, ही शक्यता एखाद्या कादंबरीकाराने योजली असती तर आपण तिला ओढूनताणून आणलेली म्हटले असते.

या परक्या कापडावर जे पोलिश आहे ते सारे मिळून मुठीत मावेल. टोपीवर आणि शिरस्त्राणावर गरुड. कॉलरवर लहानसे दुटोकी निशाण, पायदळाचे असेल तर गडद निळे आणि पिवळे. बाहीवर दुसऱ्या पोलिश कोअरचे चिन्ह, लाल भूमीवर पांढरी वॉर्सॉची जलकन्या. आणि खांद्यावर लाल पट्टीवर देशाचे नाव. मला यातले सर्वांत बोलके वाटते ते हे शेवटचे. पोलिश लोक स्वतःच्या देशाला ‘पोल्स्का’ म्हणतात. खांद्यावर मात्र लिहिलेले असते ‘पोलंड’, इंग्रजीत. ज्यांच्या शेजारी लढायचे त्यांना कळावे म्हणून. आपल्या मातृभूमीचे नाव दुसऱ्याच्या भाषेत खांद्यावर वाहणे हे त्या सैनिकाच्या स्थितीचे इतके नेमके वर्णन आहे, की संवादलेखकाने त्यावर एकही वाक्य खर्चू नये.

गरुडाकडेही नीट पाहावे लागते. अँडर्सच्या सैनिकाच्या गरुडाला मुकुट आहे. पुढे सोव्हिएत आश्रयाखाली जे दुसरे पोलिश सैन्य उभे राहिले त्याचा गरुड बिनमुकुटाचा. पोलंडमध्ये युद्धानंतर कम्युनिस्ट राजवट आली, तो मुकुट राष्ट्रचिन्हावरूनही गेला आणि 1990 मध्ये परत आला. वळिवड्यातील अनेक कुटुंबे युद्ध संपल्यावर मायदेशी न जाता इंग्लंड आणि इतर देशांकडे का गेली, याचे उत्तर त्या बोटभर धातूत आहे. चुकीचा बिल्ला लावला तर आई परक्याच मुलाचे पत्र वाचते.

दहाव्या रांगेतल्या प्रेक्षकाला बिल्ला दिसतो कुठे, असा आक्षेप येईल, आणि त्यात तथ्य आहे. ज्याला मी अस्सलपणा म्हणतो तो प्रेक्षकाला प्रभावित करण्यासाठी नाही. नटाच्या खांद्याला सर्जची खाज सुटली, मान आपोआप ताठ राहिली, हात खिशाकडे जाताना खिसा नेमका कुठे आहे हे त्याला ठाऊक असले, तर त्याच्या उभे राहण्यात फरक पडतो. तो दहाव्या रांगेला दिसतो. यासाठी मूळ गणवेश मिळवण्याच्या मागे मात्र लागू नये. ऐंशी वर्षांपूर्वीची वस्तू घामात आणि दिव्यांच्या उष्णतेत वापरणे म्हणजे पोथीच्या पानाची पुडी बांधण्यासारखे आहे. नमुन्यावरून नवा शिवावा. नाशिककरांना लष्करी शिवणकाम जाणणारे शिंपी देवळाली कॅम्पात मिळतात. कापडासाठी कोल्हापूरला जावे असे मी मुलांना सुचवले आहे. पोलिश गेल्यावर वळिवड्याच्या त्याच बराकींमध्ये सिंधी निर्वासित वसले, त्याचे गांधीनगर झाले, आणि आज ती कापडाची मोठी घाऊक बाजारपेठ आहे.

पण माझा खरा मुद्दा याच्या पुढचा आहे. तोच बॅटलड्रेस घालून, त्याच इटलीत, आपलीही माणसे लढत होती. मे 1944 मध्ये पोलिश सैनिक माँटे कॅसिनोच्या डोंगरावर चढत होते तेव्हा खालच्या गारी नदीवर आठव्या हिंदी डिव्हिजनमध्ये मराठा पलटण होती. 10 जुलै 1944 रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात यशवंत घाडगे धारातीर्थी पडले. 9 एप्रिल 1945 रोजी सेनिओ नदीवर नगर जिल्ह्यातील निमजच्या नामदेव जाधवांनी पराक्रम केला, आणि त्याच दिवशी सुरू झालेल्या त्या मोहिमेत बाजूच्या क्षेत्रात पोलिश कोअर होती. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. निमज नाशिकहून दोन तासांच्या अंतरावर आहे. इटलीतील माँटोने गावात 2023 मध्ये घाडग्यांच्या नावाने सूर्यघड्याळाचे स्मारक उभे राहिले.

मराठी साहित्यात हा सैनिक कुठे आहे? युरोपच्या त्या अरिष्टाची चाहूल विश्राम बेडेकरांच्या ‘रणांगण’ने 1939 मध्येच घेतली. वि. ग. कानिटकरांच्या ‘नाझी भस्मासुराचा उदयास्त’मुळे पिढ्यान्‌पिढ्यांच्या मराठी वाचकाला हिटलरचे मंत्रिमंडळ तोंडपाठ झाले. पण सेनिओच्या काठावरचा मावळा आपल्या कथेत, नाटकात पाय रोवून उभा राहिला नाही. मला वाटते याचे कारण त्याच्या गणवेशात आहे. जिरेटोप, अंगरखा, ढाल-तलवार यांत दिसणारा मराठा आपल्याला लगेच ओळखता येतो. साहेबाच्या खाकीतला, खांद्यावर इंग्रजी अक्षरे घेतलेला मराठा आपल्याला आपला वाटत नाही; स्वातंत्र्यलढ्याच्या कथेत तो अवघडल्यासारखा उभा असतो. पोलंडने तेच उसने कापड आपल्या अभिमानाचे वस्त्र मानले, कारण आत कोण होता हे त्यांनी विचारले. त्यांचा सैनिक स्वतःच्या देशासाठी लढत होता आणि आपला दुसऱ्याच्या साम्राज्यासाठी, हा फरक मोठा आहे आणि तो पुसू नये. मात्र फरक मांडायलाही आधी त्या माणसाला रंगमंचावर आणावे लागते.

साधने नाहीत, ही सबब चालणार नाही. हिंदी सैनिकांची पत्रे लष्करी सेन्सॉर वाचत, त्यांतील उतारे इंग्रजीत भाषांतरित करून अहवालांत घालत, आणि असे अहवाल लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. गावाकडच्या बोलीत सांगितलेले किंवा लिहिलेले वाक्य आता परक्या भाषेच्या वर्दीत फायलीत पडून आहे. ग्रामीण कादंबरीतील स्त्रीचित्रणावर विसावा प्रबंध मंजूर करण्यापूर्वी मराठी विभागांनी एखाद्या विद्यार्थ्याला त्या फायलींकडे धाडावे. इंग्रजी उताऱ्याखालचे मराठी वाक्य कसे असेल, पावसाची चौकशी कशी केली असेल, बैल विकू नका हे कुठल्या शब्दांत सांगितले असेल, हे शोधण्याची पात्रता इतिहास विभागापेक्षा आपल्याकडे अधिक आहे.