एकछत्री विमानदल आणि बेवारस जबाबदारी

अमेरिकेच्या मध्यवर्ती गुप्तचर संस्थेचे, म्हणजे सी. आय. ए.चे, महानिरीक्षक लायमन कर्कपॅट्रिक यांनी १९६१ च्या ऑक्टोबरात क्युबावरील फसलेल्या स्वारीचा अहवाल पुरा केला. त्याच्या मोजक्याच प्रती काढण्यात आल्या आणि १९९८ पर्यंत तो सामान्य वाचकाच्या दृष्टीस पडला नाही. तो बाहेर आला तेव्हा साहजिकच सर्वांचे लक्ष एकाच प्रश्नाकडे लागले : अपयशाचे धनी अध्यक्ष केनेडी की त्यांचे गुप्तचर? या वादात अहवालातील एक रुक्ष निष्कर्ष मागे पडला. आज्ञेच्या वाटा अस्पष्ट होत्या आणि विमानांची मदत मूळ मोहिमेपासून स्वतंत्र राहिली, असे कर्कपॅट्रिक यांनी नमूद केले होते. निष्कर्ष कारकुनी थाटाचा आहे. परंतु त्यामागची हकीकत गुप्तचर खात्यांना शिस्त लावू पाहणाऱ्या प्रत्येक राज्यकर्त्याने ध्यानात घ्यावी अशी आहे. कारण ज्या विमानदलाविषयी ही तक्रार होती, ते दोनच वर्षांपूर्वी मुद्दाम एका छत्राखाली आणलेले होते.

हे एकत्रीकरण रिचर्ड बिसेल यांनी केले. बिसेल मूळचे अर्थशास्त्राचे प्राध्यापक. मार्शल योजनेच्या कामात नाव मिळवून ते गुप्तचर संस्थेत आले आणि यू-२ हे अतिउंचावरून टेहळणी करणारे विमान त्यांनी नेहमीच्या सरकारी दिरंगाईला फाटा देऊन अल्पावधीत सिद्ध करून दाखविले. १९५९ च्या आरंभी त्यांच्याकडे ‘योजना’ खात्याची सूत्रे आली. हे नाव सोवळे आहे. खात्याचे खरे काम परदेशांतील गुप्त कारवायांचे. या खात्यात येताना बिसेल यांनी यू-२ ची सारी यंत्रणा बरोबर आणली आणि छत्रीधारी माणसे उतरविणारी, शस्त्रे टाकणारी जी विमाने आधीपासून खात्याकडे होती तीही तिच्याच स्वाधीन केली. या एकत्रित शाखेला ‘विकास प्रकल्प विभाग’ असे नाव मिळाले. या व्यवस्थेत सकृद्दर्शनी काहीच गैर नव्हते. वैमानिक, यांत्रिक, सुटे भाग, दूरदेशीचे तळ, हवाई दलाशी करावयाच्या वाटाघाटी, विमानाची खरी मालकी लपविणारी कागदपत्रे, ही जुळवाजुळव दोन ठिकाणी करण्यात पैसा तर जातोच, शिवाय गुपित फुटण्याचा धोकाही दुणावतो. काटकसर आणि गुप्तता या दोन्ही कसोट्यांना एकछत्री विमानदल उतरत होते.

मार्च १९६० मध्ये अध्यक्ष आयसेनहॉवर यांनी क्युबातील कॅस्ट्रो राजवटीविरुद्धच्या गुप्त कार्यक्रमाला मंजुरी दिली, आणि या व्यवस्थेची परीक्षा सुरू झाली. मोहिमेचे प्रमुख होते जेकब एस्टरलाइन. लष्करी बाजू मरीन दलातील कर्नल जॅक हॉकिन्स पाहत होते. ज्या विमानांच्या आधारावाचून किनाऱ्यावर एक दिवसही तग धरणे अशक्य होते, ती विमाने मात्र कर्नल स्टॅन्ली बीर्ली यांच्या विकास प्रकल्प विभागाकडे. एस्टरलाइन हे बीर्ली यांना विनंती करू शकत होते, हुकूम देऊ शकत नव्हते. दोघांच्या वाटा एकत्र येत त्या थेट बिसेल यांच्या मेजावर, आणि त्या मेजावर साऱ्या जगातील गुप्त कारवायांचे कागद साचलेले असत. एकाच सचिवाखालची दोन खाती आणि त्यांच्यामध्ये हेलपाटे घालणारी फाइल हे दृश्य भारतातील कोणत्याही कचेरीत काम केलेल्या माणसाला नवे नाही. फरक इतकाच की येथे फायलीच्या टोकाशी सुमारे चौदाशे माणसांचे प्राण होते. विमाने एका छत्राखाली आली, परंतु तसे करताना ज्या कामासाठी ती उडावयाची त्या कामापासूनच ती वेगळी पडली.

१५ एप्रिल १९६१ रोजी निकाराग्वातील तळावरून निघालेल्या आठ बी-२६ विमानांनी क्युबाच्या तीन विमानतळांवर बॉम्ब टाकले. मूळ विचार याच्या दुप्पट विमानांचा होता. गाजावाजा कमी व्हावा या अध्यक्षांच्या इच्छेसाठी संख्या निम्मी करण्यात आली. आणखी एक विमान, त्यावर क्युबाच्या हवाई दलाची चिन्हे रंगवून, फुटून निघालेल्या वैमानिकाचे म्हणून मायामीला उतरविण्यात आले. संयुक्त राष्ट्रसंघात ॲडलाय स्टीव्हन्सन यांनी त्याचे छायाचित्र दाखवून अमेरिकेच्या निर्दोषत्वाची ग्वाही दिली. त्यांना स्वतःला सत्य सांगितलेले नव्हते. कॅस्ट्रोच्या बी-२६ विमानांची नाके पारदर्शक आणि या विमानाचे नाक धातूचे, हे वार्ताहरांच्या लक्षात येण्यास वेळ लागला नाही. बोभाटा झाला तशी वॉशिंग्टनमध्ये धास्ती वाढली. १६ एप्रिलच्या रात्री साडेनऊच्या सुमारास मॅकजॉर्ज बंडी यांनी संस्थेचे उपसंचालक जनरल कॅबेल यांना दूरध्वनीवरून कळविले की, पहाटेचा दुसरा हवाई हल्ला रद्द समजावा. संचालक ॲलन डलेस त्या दिवशी पोर्तोरिकोमध्ये भाषणासाठी गेले होते. कॅबेल आणि बिसेल परराष्ट्रमंत्री डीन रस्क यांच्याकडे धावले. रस्क यांनी अध्यक्षांना दूरध्वनी लावला आणि स्वतः बोलायचे आहे काय, असे दोघांना विचारले. दोघांनीही नको म्हटले.

या नकाराचा अर्थ लावण्यात इतिहासकारांची बरीच शाई खर्ची पडली आहे. येथे एवढेच पाहावयाचे की त्या खोलीत मोहिमेचा प्रमुख नव्हता. एस्टरलाइन आणि हॉकिन्स यांनी आठवडाभर आधी बिसेल यांच्या घरी जाऊन राजीनाम्याची भाषा केली होती. त्यांची समजूत घालून त्यांना परत पाठविण्यात आले होते. ज्याला परिणाम भोगावयाचे त्याला आवाज नाही, आणि ज्यांना आवाज होता त्यांनी तो वापरला नाही. १७ एप्रिलला क्युबाच्या उरलेल्या विमानांनी ‘ह्यूस्टन’ निकामी केले आणि दारूगोळा व इंधन घेऊन आलेले ‘रिओ एस्कोंदिदो’ बुडविले. १९ एप्रिलच्या पहाटे, थकलेल्या क्युबन वैमानिकांच्या जागी अलाबामाच्या राष्ट्रीय रक्षक दलातून आणलेले काही अमेरिकन उडाले. विमानवाहू जहाजावरील खुणा पुसलेली जेट विमाने त्यांना तासभर संरक्षण देणार होती. ठरल्या वेळी दोघांची गाठच पडली नाही. चार अमेरिकन मारले गेले. त्याच दिवशी किनाऱ्यावरील प्रतिकार संपला आणि सुमारे बाराशे जण कैद झाले.

पराभवानंतर बिसेल यांच्या बाजूने रद्द झालेल्या हल्ल्यावर बोट ठेवले गेले, तर महानिरीक्षकांनी विस्कळीत आज्ञासाखळीवर. दोन्ही कारणे खरी आहेत, पण ती एकाच मुळातून फुटलेली आहेत. अध्यक्षांना मोहीम हवी होती आणि वेळ पडल्यास कानांवर हात ठेवण्याची सोयही हवी होती. ही सोय राखावयाची म्हणजे हुकूम तोंडी, अधिकार संदिग्ध आणि मधले दुवे सैल ठेवावे लागतात. लढाईला नेमके उलट लागते. तेथे एकाचा शब्द चालला पाहिजे आणि तो शब्द त्याचाच होता हे नंतर नाकारता येता कामा नये. कागदावरील चौकोन आणि रेषा कितीही बदलल्या तरी हा विरोध मिटत नाही. ज्याला जबाबदार धरता येऊ नये अशीच ज्याची रचना, त्या विमानदलाला खराखुरा सेनापती लाभणे कठीण.

पुढच्याच वर्षी याचे प्रत्यंतर आले. १९६२ च्या ऑक्टोबरात क्युबावरील यू-२ उड्डाणे गुप्तचर संस्थेकडून काढून हवाई दलाकडे देण्यात आली. विमान पडलेच तर गणवेशातील वैमानिकाचा खुलासा करणे सोपे जाईल, असा हिशेब त्यात होता. संस्थेने निषेध नोंदविला, तरीही विमाने तिची आणि वैमानिक हवाई दलाचे अशी तोड निघाली. १४ ऑक्टोबरला क्षेपणास्त्रांची छायाचित्रे मिळाली ती अशा उड्डाणातून. २७ ऑक्टोबरला मेजर रुडॉल्फ अँडरसन यांचे विमान पाडले गेले. त्यांचा देह त्याच वर्षी मायदेशी आणून इतमामाने दफन झाला आणि देशाने त्यांना वीर म्हटले. अलाबामाच्या चौघांच्या वाट्याला यातले काही आले नाही. ते धनिक क्युबन निर्वासितांचे भाडोत्री वैमानिक होते, अशी कहाणी त्यांच्या कुटुंबीयांना ऐकविण्यात आली. त्यांतील एकाचा मृतदेह क्युबाने अठरा वर्षे शवागारात गोठवून ठेवला होता. तो १९७९ च्या अखेरीस घरी आला; आपल्या माणसाला जाहीरपणे आपले म्हणावयास संस्थेला त्यानंतरही जवळपास दोन दशके लागली.

बिसेल गेले, डलेस गेले आणि त्यांनी एकत्र केलेले विमानदल पुन्हा विभागले गेले : टेहळणीची विमाने संशोधन खात्याकडे, गुप्त कारवायांची ‘योजना’ खात्याकडे. त्याशिवाय संस्थेच्या मालकीच्या, पण वरवर खाजगी दिसणाऱ्या, विमान कंपन्यांचा पसारा होताच. १९५० साली विकत घेतलेल्या एका चिनी-अमेरिकन कंपनीतून ‘एअर अमेरिका’ निपजली आणि लाओसच्या डोंगरांवर तिची विमाने तांदूळ, माणसे आणि शस्त्रे वाहू लागली. या कंपन्यांवर देखरेखीसाठी १९६३ मध्ये एक कार्यकारी समिती नेमण्यात आली, तिचे अध्यक्षपद संस्थेचे विधिसल्लागार लॉरेन्स ह्यूस्टन यांच्याकडे गेले. पंखांवर कायदेपंडिताची नेमणूक व्हावी, हे बोलके आहे. संस्थेची एकूण विमाने किती, हे मोजण्यास सांगितलेल्या अधिकाऱ्याला महिनोन्‌महिने खपूनही छातीठोक आकडा देता आला नाही, असा किस्सा माजी अधिकारी व्हिक्टर मार्केटी यांनी १९७४ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात आहे. कंपन्या मोडीत काढण्याचा निर्णय १९७२ मध्ये झाला, तरी सवय मोडली नाही. १९७३ च्या अखेरीस विकून टाकलेल्या ‘सदर्न एअर ट्रान्सपोर्ट’चे नाव १९८६ मध्ये निकाराग्वात पाडल्या गेलेल्या शस्त्रवाहू विमानाच्या चौकशीत पुन्हा वर आले.

भारताचा या कथेशी संबंध नाही, असे समजण्याचे कारण नाही. १९६२ च्या चीनकडील पराभवानंतर पुढच्याच वर्षी ‘एव्हिएशन रिसर्च सेंटर’ या संस्थेची स्थापना झाली, कटकजवळील चारबाटिया हा तिचा मुख्य तळ ठरला आणि प्रारंभीचे साह्य अमेरिकनांचे होते. याच चारबाटियाहून २४ मे १९६४ रोजी अमेरिकन यू-२ चीनच्या सरहद्दीकडे झेपावले. तीन दिवसांनी पंडित नेहरू निवर्तले. हा तपशील भारतीय वाचकाला स्वतःच्या संसदेकडून समजला नाही. सी. आय. ए.ने २०१३ मध्ये खुल्या केलेल्या स्वतःच्या इतिहासातून तो समजला. सामान्य नागरिकाला या केंद्राचे नाव भारताच्या कायद्याच्या पुस्तकात भेटते ते २००५ च्या माहिती अधिकार कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत, म्हणजे ज्यांना भ्रष्टाचार आणि मानवी हक्कांचा भंग सोडून अन्य प्रश्न विचारता येत नाहीत अशांच्या यादीत.

कारगिलच्या युद्धानंतर सुब्रह्मण्यम समितीच्या शिफारशींमागून भारतातही गुप्तवार्ता यंत्रणेची फेररचना झाली आणि तांत्रिक टेहळणीसाठी २००४ मध्ये एक नवी राष्ट्रीय संघटना उभी राहिली. कोणते विमान आणि कोणता कॅमेरा कोणाच्या हुकुमतीत, हा वाद अशा प्रत्येक फेररचनेबरोबर निघतो आणि तो तज्ज्ञांनी सोडवावयाचा आहे. त्या हुकुमतीने चुकीचा आदेश दिला, किंवा योग्य आदेश ऐन वेळी मागे घेतला, तर जाब कोणी विचारावा हा प्रश्न मात्र तज्ज्ञांचा नाही. अमेरिकेने स्वतःच्या फजितीतून धडा घेऊन १९७६ मध्ये सिनेटची स्थायी गुप्तवार्ता समिती नेमली. ब्रिटनने १९९४ मध्ये कायदा करून संसद सदस्यांची समिती बसविली. या समित्या दातपडक्या आहेत अशी टीका दोन्ही देशांत होते, परंतु निदान दार ठोठावण्यास अधिकृत हात तरी आहे. भारतात ‘रॉ’ची स्थापना १९६८ मध्ये सरकारी आदेशाने झाली, संसदेच्या कायद्याने नव्हे. गुप्तचर संस्थांना कायद्याची चौकट आणि संसदीय देखरेख देणारे एक खाजगी विधेयक मनीष तिवारी यांनी २०११ मध्ये लोकसभेत आणले. ते संमत झाले नाही.