चित्र वाचण्याची घाई

काही वर्षांपूर्वी एका रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात मी समुपदेशक म्हणून काम करत होते. नैराश्यावर उपचार घेणाऱ्या सात-आठ बायकांचा गट दर बुधवारी जमायचा. मी नुकतीच दोन दिवसांची एक कार्यशाळा करून आले होते. प्रमाणपत्र फाइलीत होते आणि तेलखडूंची नवी पेटी पिशवीत. ‘आपले घर काढा,’ असे मी सांगितले. एकीने घर काढलेच नाही. कागदाच्या मधोमध तिने विहीर काढली आणि आतला गोल काळ्या खडूने इतका घोटला, की कागद फाटायला आला. काळा रंग म्हणजे उदासी, हे मी कार्यशाळेत टिपून घेतले होते, त्यातून विहीर! आपल्याकडे बाई आणि विहीर हे शब्द शेजारी आले की जे मनात येते, तेच माझ्याही मनात आले. सगळ्यांसमोर मी विचारले, “ताई, जिवाचं काही बरंवाईट करून घ्यावंसं वाटतं का?” तिने पदर सारखा केला, कागदाची घडी घातली आणि पुढच्या बुधवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. फोन केला तेव्हा ‘बरी आहे’ एवढेच घरच्यांनी सांगितले.

तो प्रश्न विचारायचाच असतो. परंतु एकांतात, आणि आधी तिला तिच्या विहिरीबद्दल बोलू देऊन. हे मला कुणी शिकवले नव्हते, आणि आपल्याला ते येत नाही हेही मला ठाऊक नव्हते.

चित्र, संगीत, नृत्य, नाट्य, लेखन यांच्या आधारे मनाच्या दुखण्यावर उपचार करण्याची ही पद्धत काही कालपरवाची नाही. १९३८ साली एड्रियन हिल हा इंग्रज चित्रकार क्षयाने आजारी पडून सॅनिटोरियममध्ये होता. तिथे तो अंथरुणावर चित्रे काढू लागला आणि पुढे इतर रुग्णांच्या हातीही त्याने पेन्सिल दिली. ‘आर्ट थेरपी’ हा शब्द त्याने १९४२ मध्ये रूढ केला. अनेक कलांना एकत्र आणणाऱ्या ‘एक्स्प्रेसिव्ह आर्ट्स थेरपी’ची घडी मात्र अमेरिकेत, केंब्रिजच्या लेस्ली कॉलेजात, १९७०च्या दशकात बसली. शॉन मॅक्निफ आणि पाओलो क्निल ही त्यातली मुख्य नावे. क्निल यांचा आग्रह असा, की येणाऱ्या माणसाला कलेतले कौशल्य थोडेच लागते, संवेदनशीलता मात्र पुष्कळ लागते.

ती संवेदनशीलता उपचार करणाऱ्यात कुठून येणार? मानसशास्त्राच्या पदवीबरोबर ती मिळत नाही. ब्रिटनमध्ये ‘आर्ट थेरपिस्ट’ हे बिरुद कायद्याने संरक्षित आहे. नोंदणीवाचून ते लावता येत नाही. तिथे पदव्युत्तर शिक्षण घेताना विद्यार्थ्याला स्वतःही उपचार घ्यावे लागतात. आपल्याकडे २०२१च्या संलग्न आरोग्यसेवा व्यवसायांच्या कायद्याच्या परिशिष्टात कला व नृत्य-हालचालींच्या माध्यमातून उपचार करणाऱ्यांचा उल्लेख आला, हे चांगलेच झाले. पण उल्लेख आला म्हणजे शिक्षण ठरले असे नव्हे. इकडे मनोविकारतज्ज्ञ एका लाख लोकांमागे एकसुद्धा नाही, त्यामुळे जो येईल त्याला चटकन तयार करण्याची निकड आहे. शनिवार-रविवारच्या कार्यशाळा या निकडीवरच जगतात.

पुढे मी वर्षभराचा अभ्यासक्रम केला. पहिले काही महिने रुग्ण समोर आणलेच नाहीत. चटईवर बसून आम्हीच चित्रे काढायची, मग त्यांची हालचाल करायची, मग त्यावर दोन ओळी लिहायच्या. शाळेत चित्रकलेच्या तासाला हशा ओढवून घेतलेली मी. एकदा मी एक जिना काढला. शेजारच्या मानसशास्त्राच्या प्राध्यापकांनी तो पाहून सांगितले, “वडिलांचा धाक होता वाटतं तुम्हाला.” मला इतका संताप आला, की मी जागेवरून उठले. तो आमच्या चाळीचा जिना होता, संध्याकाळी दिवे गेले की आम्ही पोरे त्यावर भेंड्या खेळत बसायचो! प्रशिक्षिका मला काही म्हणाल्या नाहीत. प्राध्यापकांना मात्र म्हणाल्या, “त्यांना विचारा ना, त्या जिन्यावर काय चाललंय.” त्या क्षणी मला माझ्या गटातली ती बाई आठवली. (आणि काळ्या खडूविषयी: आमच्या पेटीतला तो नेहमीच आधी संपतो, कारण बहुतेक जण बाह्यरेषा त्यानेच काढतात.)

या उपचारांचे गोडवे गाण्याची गरज नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये तीन हजारांहून अधिक अभ्यासांचा आढावा घेऊन कलेचा आरोग्याला उपयोग होतो असे म्हटले, ते खरे. पण २०१२ मध्ये ब्रिटनमध्ये स्किझोफ्रेनियाच्या ४१७ रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष आले, त्यात गटातल्या चित्रोपचारांनी नेहमीच्या उपचारांहून अधिक फरक पडलेला दिसला नाही. अनेक रुग्ण गटाला फारसे आलेही नव्हते. जे अंगाला लावून घेतले नाही ते औषध चालले की नाही, हे कसे ठरवणार, असा युक्तिवाद करता येईल. परंतु रुग्ण का आले नाहीत, हा प्रश्न आपल्यालाच झोंबायला हवा. माझ्याकडचीही एक आली नव्हती.

महाराष्ट्रात ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. अशा रुग्णालयांत रुग्णांनी रंगवलेल्या पणत्या आणि राख्या विकायला ठेवतात, लोक कौतुकाने घेतात. तो व्यवसायोपचार आहे, त्याचे मोल वेगळे. पणती सुबक व्हावी लागते, ती विकायची असते. मी म्हणते त्या कागदाला गिऱ्हाईक नसते. तो फाटला तरी चालतो. दोन्ही कामे एकाच परिचारिकेच्या गळ्यात घालून ‘आमच्याकडे कलोपचार चालतात’ असा अहवाल वर पाठवणे सोपे असते. हे काम जाणणारी व्यक्ती पगारी पदावर नेमणे आणि तिच्या कामावर दर पंधरवड्याला अनुभवी माणसाची नजर ठेवणे याला पैसे पडतात.

हल्ली तरुण समुपदेशक मला विचारतात, कोणता कोर्स करू? मी दोनच गोष्टी विचारायला सांगते. किती महिने तुम्हाला स्वतः चटईवर बसवणार आहेत? आणि कोर्स संपल्यावर, एखादी बाई यायची थांबली तर फोन कुणाला करायचा? दुसऱ्याचे उत्तर मिळाले नाही, तर फी भरू नका.