कोकमठाणला उतरलात की काटा बघा

समृद्धी महामार्गावरून शिर्डीला येणारी गाडी कोपरगाव तालुक्यात कोकमठाणला खाली उतरते. तोवर चालकाने कित्येक तास १२०च्या वेगाने गाडी पळवलेली असते. टोल भरला, वळण घेतलं, की समोर आपला नेहमीचा रस्ता: उसाचा ट्रॅक्टर, मधेच आडवी येणारी शेळी, डबा अडकवून सायकलवर निघालेला माणूस. चालकाला वाटतं, आता आपण अगदी हळू चाललोय. काट्यावर असतात ८५-९०. यात त्याची लबाडी नाही. एका वेगाला डोळा सरावला की त्याहून कमी वेग त्याला रांगल्यासारखा वाटतो. म्हणून पहिलं मागणं एवढंच: कोकमठाणला उतरलात की मनाला विचारू नका, काटा बघा. पहिले दहा-पंधरा किलोमीटर पुन्हा पुन्हा बघा.

नगर जिल्ह्याचं (आता अहिल्यानगर, पण तोंडात अजून नगरच येतं) दुखणं असं की इथे महामार्ग आणि गावचा रस्ता वेगळे नाहीत. नगर-मनमाड घ्या, नगर-कल्याण घ्या, संगमनेरातून जाणारा पुणे-नाशिक घ्या. दर दोन-चार किलोमीटरला फाटा, फाट्यावर वडापावची गाडी, एसटीची वाट बघणाऱ्या पोरी. त्यात आपला जिल्हा चालणाऱ्यांचा. रामनवमीला मुंबईकडून शिर्डीला पालख्या येतात, आषाढी-कार्तिकीला दिंड्या निघतात, नवरात्रात मोहटादेवीच्या वाटेवर माणूस मावत नाही. डिसेंबर २०२३मध्ये शिर्डीहून आळंदीला निघालेल्या दिंडीत संगमनेर तालुक्यात घारगावजवळ कंटेनर शिरला आणि ४ वारकरी गेले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये समृद्धीवर वैजापूरजवळ मध्यरात्रीनंतर भाविकांची गाडी मागून ट्रकवर आदळली, १२ जण गेले. प्रत्येक अपघाताची कारणं चौकशीत वेगवेगळी निघतात, कुठे झोप, कुठे चुकीच्या जागी थांबलेलं वाहन. पण चूक कोणाचीही असो, ती सावरायला वेळ मिळणार की नाही हे वेगच ठरवतो. केंद्राच्या परिवहन मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली आणि त्यातले ७० टक्क्यांहून जास्त मृत्यू अतिवेगाच्या खात्यावर आहेत.

आपल्याकडे विहिरीची खोली सगळ्यांना कळते, म्हणून त्या मापात सांगतो. ताशी ६०च्या वेगाने गाडी भिंतीवर आदळली, तर तो दणका साधारण ४५ फूट कोरड्या विहिरीत पडल्याइतका असतो. वेग दुप्पट करून १२० केला, तर विहीर ९० फुटांची होत नाही, १८० फुटांच्याही खाली जाते. वेग दुप्पट, दणका चौपट. ब्रेकचंही तेच. ६०ला ब्रेक दाबल्यावर गाडी वीसेक मीटरमध्ये थांबते, १२०ला ऐंशी मीटर लागतात. शिवाय धोका दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद जातोच, आणि तेवढ्यात १२०ची गाडी आणखी ३३ मीटर पुढे गेलेली असते. हा सगळा हिशेब कोरड्या रस्त्याचा आणि चांगल्या टायरचा. शेतातून निघालेल्या ट्रॅक्टरने डांबरावर चिखल आणला असेल आणि वरून पावसाची सर आली असेल, तर हा हिशेबही तुमच्या बाजूने राहत नाही.

आणि वाचतं किती? ८० किलोमीटर अंतर, म्हणजे नगरहून जवळपास शिर्डी. ८०ऐवजी १००ने गेलात तर कागदावर १२ मिनिटं वाचतात. प्रत्यक्षात राहुरीच्या गर्दीत त्यातली निम्मी जातात. उरलेल्या पाच-सहा मिनिटांत चहासुद्धा नीट पिऊन होत नाही.

काही वर्षांपूर्वी जानेवारीत मी रात्री राहुरीहून नगरला येत होतो. समोरून ट्रक आला, अप्पर लावून. दोन क्षण काही दिसलं नाही. ट्रक गेला आणि माझ्या पुढ्यात रस्त्यावर नुसता हिरवा-काळा ढीग. उसाची ट्रॉली. मागचा लाल दिवा होता की नव्हता कोण जाणे, असला तरी लोंबणाऱ्या वाढ्यांनी झाकला होता. ब्रेक दाबला, गाडी थांबली तेव्हा उसाचं एक वाढं बॉनेटवर टेकलेलं होतं. काच खाली केली तर ओल्या उसाचा वास आला. ट्रॅक्टरवाल्याला पत्ताच नव्हता, तो गाणी लावून तसाच पुढे गेला. माझा वेग तेव्हा पन्नासच्या आसपास होता. तो माझ्या शहाणपणामुळे नव्हता. शेजारी बसलेली बायको वांबोरी फाट्यापासून ‘हळू, हळू’ म्हणत होती आणि मी मनातून चिडलो होतो.

त्या रात्रीचा हिशेब नंतर मांडला. डिपरवर रात्री जेमतेम ४०-५० मीटर नीट दिसतं. ट्रॉली १५ने चालली असेल आणि आपण १००ने येत असू, तर दिसल्यापासून आदळेपर्यंत दोन सेकंद. त्यातलं एक ‘हे काय आहे’ हे कळण्यात जातं.

म्हणून शेजारी बसणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. वहिनी, मावशी, मित्रांच्या गाडीत मागे बसलेल्या पोरांनो, गप्प बसू नका. चालवणारा चिडेल, ‘मला शिकवू नको’ म्हणेल, म्हणू द्या. ऐकत नसेल तर पुढच्या ढाब्यावर थांबवायला लावा, खाली उतरा. लग्नाच्या वऱ्हाडाची, देवदर्शनाची भाड्याची गाडी असेल तर निघतानाच चालकाला सांगा की आम्हाला घाई नाही, आणि परतीचा रात्रीचा प्रवास करण्याआधी त्याला चार तास झोपू द्या. घरी वाट बघणाऱ्यांनी दर दहा मिनिटांनी ‘कुठपर्यंत आलास’ म्हणून फोन करू नये. तो फोन आला की पाय आपोआप ॲक्सिलरेटरवर जातो.

वडीलधाऱ्यांशी जरा कडक बोलतो. उसाचं बिल आलं की पोराला गाडी, हे आपल्या भागात सर्रास चालतं. पोरगा सोळा-सतरा वर्षांचा, लायसन्स नाही, आणि खाली दोनशे सीसी. २०१९च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९अ प्रमाणे अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर दोषी पालक किंवा गाडीमालक धरला जातो. ३ वर्षांपर्यंत कैद, २५ हजार दंड, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द, आणि मुलाला २५ वर्षांचा होईपर्यंत लायसन्स नाही. मे २०२४मध्ये पुण्यात कल्याणीनगरला १७ वर्षांच्या मुलाच्या पोर्शे गाडीखाली दोन तरुण अभियंते गेले. तिथली गाडी कोट्यवधींची होती म्हणून देशभर गाजलं. पण चावी हातात देणारा हात आपल्या गावातही तोच आहे. पोराचा हट्ट मोडवत नसेल तर अठरा पूर्ण होईपर्यंत चावी स्वतःच्या खिशात ठेवा, उशाखाली ठेवा, पण देऊ नका.

अपघात दिसला तर थांबा. १०८ला फोन करा, राष्ट्रीय महामार्गावर १०३३ आहे. मदत करणाऱ्याला पोलीस किंवा दवाखाना अडकवून ठेवू शकत नाही, नाव सांगण्याचीही सक्ती नाही, कायद्याने तसं संरक्षण दिलं आहे. मोबाईलवर चित्रण करण्यात गेलेली पहिली पाच मिनिटं जखमीला परत मिळत नाहीत.

राहिले ट्रॅक्टरवाले दादा आणि ट्रॉलीमालक. मागून वेगाने येणाऱ्याला मी इतकं सांगितलं, आता तुम्हालाही सांगतो. हंगाम सुरू व्हायच्या आधी दोन्ही ट्रॉल्यांना मागे आणि बाजूने रेडियमची लाल पट्टी लावा, डिझेलच्या एका कॅनइतकाही खर्च नाही. रात्री बंद पडलात तर गाडी रस्त्याच्या कडेला घ्या, नुसते दगड ठेवून जाऊ नका, आणि निघताना ते दगड उचला. ट्रॉली भरून झाली की निघण्याआधी मागे जा, वीस-पंचवीस पावलं लांब उभे रहा आणि बॅटरी मारून बघा पट्टी दिसते का. वाढे लोंबून ती झाकली गेली असेल, तर कोयता हाताशीच असतो. तेवढे छाटा आणि मग निघा.