२७ जानेवारीची संध्याकाळ वॉल्टर कॉफमन यांच्यासाठी ठेवा

पुसदकरांनो, सकाळी आकाशवाणीचे कार्यक्रम सुरू होण्याआधी वाजणारी धून चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकाच्या कानात बसलेली आहे. खाली तानपुरा, वर व्हायोलिन, आणि मग बातम्या. जाणकारांना तिच्यात शिवरंजनी राग दिसतो. ती वॉल्टर कॉफमन यांनी बांधली, असे बहुतेक अभ्यासक मानतात. कॉफमन ज्यू होते. हिटलर सत्तेवर आल्यावर युरोपात राहणे धोक्याचे झाले, म्हणून १९३४ साली ते मुंबईला आले आणि १९४६ पर्यंत इथेच राहिले.

येत्या २७ जानेवारीला पुसदमध्ये त्यांच्या आठवणीची एक मैफल करू या, एवढीच माझी विनंती आहे. १९४५ साली याच दिवशी ऑशविट्झची छळछावणी मुक्त झाली. जगभर हा दिवस नाझींनी मारलेल्या ज्यूंच्या स्मरणाचा मानतात. आदल्या दिवशीच्या झेंडावंदनासाठी आणलेले माइक-स्पीकर शाळेत असतातच, ते एक दिवस जास्त ठेवून घ्या.

कॉफमन यांचा जन्म १९०७ चा, आजच्या चेकियातल्या कार्लोव्ही वारी इथला. मुंबईत पाऊल ठेवल्यावर आपले संगीत त्यांच्या कानाला अगदी परके वाटले. पण हे ज्यांनी घडवले तीही बुद्धी आणि हृदय असलेली माणसेच आहेत, तेव्हा कमतरता आपल्याच ऐकण्यात असणार, असे त्यांनी मनाशी धरले आणि ते शिकायला बसले. घरदार सुटलेल्या माणसाने परक्या गावात एवढी नम्रता दाखवावी, याचे मला फार मोल वाटते. पुढे ते मुंबई आकाशवाणीवर पाश्चात्त्य संगीताचे प्रमुख झाले. मेहली मेहतांसारख्या वादकांना घेऊन त्यांनी मुंबईत चेंबर संगीताची मंडळी उभी केली. उत्तर हिंदुस्थानी रागांवरचा त्यांचा जाडजूड ग्रंथ १९६८ साली निघाला.

आपल्या यवतमाळ जिल्ह्याला जवळची वाटावी अशी गोष्ट आणखी एक आहे. गोंड आणि बैगा आदिवासींच्या गाण्यांवर त्यांनी १९४१ साली एक अभ्यासलेख प्रसिद्ध केला. आपल्या आसपास गोंडांची वस्ती आहे, बंजारा तांड्यांतून होळीला लेंगी गाणी घुमतात. ही गाणी अभ्यासाला घेण्याइतकी मोठी आहेत, हे आपल्यातल्या किती जणांना वाटले?

ज्यांना निसटता आले नाही, त्यांचीही नावे त्या संध्याकाळी घ्यायला हवीत. व्हिक्टर उलमान, हान्स क्रासा, पावेल हास हे ते संगीतकार. नाझींनी त्यांना तेरेझिनच्या छावणीत कोंडले. तिथे क्रासा यांची ‘ब्रुंडिबार’ ही मुलांची संगीतिका कैदी मुलांनी पन्नासहून अधिक वेळा सादर केली. उलमान यांनी छावणीतच एक ऑपेरा लिहिला. त्याच्या तालमी झाल्या, प्रयोग मात्र होऊ शकला नाही. तो थेट १९७५ साली ॲमस्टरडॅमला झाला. ऑक्टोबर १९४४ मध्ये या तिघांनाही ऑशविट्झला नेऊन मारले.

मैफल साधीच ठेवा. आधी तानपुरा लावून गावातल्या कुणी आकाशवाणीची धून वाजवावी. व्हायोलिनवाला मिळाला तर उत्तम, नाहीतर बासरी, नाहीतर पेटी. त्याला जोडून कुणी शिवरंजनी गावा, घाई न करता. मग टोरांटोच्या एआरसी एन्सेम्बल या वादकवृंदाच्या २०२० साली प्रसिद्ध झालेल्या ध्वनिमुद्रणातली कॉफमन यांची एखादी रचना स्पीकरवर लावा आणि ती संपेपर्यंत कुणी बोलू नका. पहिल्यांदा ऐकताना कान अडखळतील, अडखळू द्या. ‘ब्रुंडिबार’ची गोष्ट शाळेतल्या मुलांनी सांगावी. शेवटी लेंगी म्हणणाऱ्या बायांना आणि गोंडी गाणी येणाऱ्यांना मानाने बोलवा, त्यांच्या गाण्याला पुरेसा वेळ द्या.

हारतुरे, पाहुण्यांची लांबलचक ओळख, अध्यक्षीय समारोप यांना फाटा द्या. धर्माच्या किंवा आजच्या राजकारणाच्या वादाला तिथे जागा नको. जात आणि वंश पाहून माणसाचे गाणे बंद पाडले गेले होते, हे मात्र मुलांना स्पष्ट शब्दांत सांगा.

भजनी मंडळे, संगीत शिकवणारे गुरुजी, महाविद्यालयातले प्राध्यापक, तुमच्यापैकी कुणीही पुढाकार घ्या. डिसेंबरात एकदा बसून कोण काय वाजवणार ते ठरवा, आणि व्हायोलिन वाजवणारा गावात नसेल तर यवतमाळ, नांदेडकडे आतापासूनच शब्द टाका.